सोळा आण्यांची साखळी

“उतरायला जागा कमी लागते, तोडकरी. निघायला जास्त लागते,” मोहिले साहेब म्हणाले. धावपट्टीच्या भेगेत उगवलेलं तरवडाचं रोप त्यांनी मुळासकट उपटलं आणि बाजूला टाकलं. “चार वर्षांपूर्वी हे बेणं इथं उतरलं तेव्हा अठराशे फुटांत थांबलं. आता निघायचंय, तर तेवीसशे पंचवीस मागतंय. एक फूटसुद्धा कमी नको.”

“आणि कमी भरले तर?”

“तर शनिवारी दुपारी भंगारवाला येतोय. कापायची सगळी हत्यारं घेऊन.”

बेणं म्हणजे आमच्या समोर उभं असलेलं डकोटा. महायुद्धाच्या काळातलं, दोन पंख्यांचं विमान. पुढचे पाय ताठ करून बसलेल्या कुत्र्यासारखं शेपटीवर टेकून ते आमच्या करजमाळच्या माळावर चार वर्षं बसलं होतं. हवाई दलानं मोडीत काढलेलं ते कुठल्याशा कंपनीनं माल वाहायला घेतलं, एक इंजिन बिघडलं म्हणून ते इथं उतरवलं, आणि पुढं कंपनीच बुडाली. दूरच्या एका संग्रहालयानं कळवलं होतं, की उडवत आणाल तर ठेवून घेऊ. गाडीवर घालून न्यायची त्यांची ऐपत नव्हती. म्हणून निवृत्त विंग कमांडर मोहिले, वय वर्षं अठ्ठावन्न, आणि त्यांचे जुने मिस्त्री भोईटे दोन महिने माळावर तंबू ठोकून राहिले होते. दोघांनी मिळून त्या विमानात जीव आणला. बासष्ट सालच्या लढाईत मोहिले साहेब याच विमानातून डोंगरातल्या जवानांना धान्याची पोती टाकायचे. एकदा परतताना एक इंजिन बंद पडलं, तर उरलेल्या एकावर यानं त्यांना घरी आणलं होतं. “ते मला टाकून आलं नाही,” एवढंच ते म्हणायचे.

धावपट्टी महायुद्धाच्या वेळची, मुळात छत्तीसशे फुटांची. पण बहात्तरच्या दुष्काळी कामात पूर्वेकडून कालवा काढला, त्यात तिचा शेवट गेला. आता नेमकी किती उरली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उड्डाणाच्या परवानगीला सरकारी मोजणीचा दाखला पाहिजे होता, आणि तालुक्याचा भूकरमापक मी. ब्याऐंशी सालच्या पौषातला तो बुधवार होता, आणि मी चाळिशी ओलांडून दोन वर्षं झाली होती. आज पंचाऐंशीला टेकलोय, पण त्या चार दिवसांतलं मला सगळं आठवतं, अगदी कुणाच्या पायात काय होतं तेसुद्धा.

माझा शिपाई इमाम यानं पिशवीतून साखळी काढली आणि झटका देऊन मोकळी केली. आमच्या खात्याची ही जुनी साखळी तेहतीस फुटांची. तिचे भाग सोळा, एकेका भागाला आणा म्हणायचं, आणि दर आण्याला पितळेची एक खूण. रुपयातले आणे केव्हाच गेले, मीटरही आले, पण आमच्या तालुक्याचे नकाशे जुने, म्हणून साखळीही जुनीच चालायची.

आम्ही पश्चिमेच्या टोकाला, दगडाच्या खुणेपाशी पहिली सळई रोवली. तिथं धावपट्टी संपते आणि बांधापलीकडं गौराबाई बिराजदाराचं रान सुरू होतं. हुरड्याला आलेली ज्वारी, पुरुषभर उंच. माळ्यावर उभी राहून म्हातारी गोफणीनं पाखरं हाकत होती. मला बघून तिनं गोफण खाली घेतली.

“मोजायलास व्हय रे तोडकऱ्या?”

मी मान वर केली नाही.

“मोज, मोज. आखूड साखळीनं आभाळ मोजायला निघालाय. अहो विमानवाले, ह्याच्या मापावर बसू नगासा. कुंपणच शेत खातंय हितं.”

मोहिले साहेब थांबले. “काय म्हणतात त्या?”

“जुनी तक्रार आहे साहेब,” मी म्हणालो. “जमिनीचा वाद. मनावर घेऊ नका, बाईचं डोकं जरा फिरलंय.”

आता सांगायचंच तर सगळं सांगतो. पाच वर्षांपूर्वी गौराबाईच्या आणि तिच्या पलीकडच्या नरहर ढगेच्या शिवेची मोजणी मीच केली होती. गौराबाईचं रान रुंदीला वीस साखळ्या. धावपट्टीच्या या दगडापासून मी वीस साखळ्या पश्चिमेला मोजल्या आणि हद्दीचा दगड रोवला. तो दगड म्हातारीच्या वहिवाटीपेक्षा पंधरा फूट अलीकडं पडला. ढगेला पंधरा फुटांची पट्टी मिळाली आणि त्यानं लगेच तारेचं कुंपण घातलं. त्या पट्टीत गौराबाईच्या नवऱ्याची समाधी होती. हे लोक लिंगायत; आपल्या माणसाला बसवून आपल्याच रानात समाधी देतात. नवऱ्याशेजारी तिनं स्वतःची जागा राखून ठेवली होती, चार धोंडे मांडून. ती जागाही तारेपलीकडं गेली. पाच वर्षं म्हातारी तारेच्या अलीकडं उभी राहून नमस्कार करत होती. तिनं नवऱ्याच्या कासऱ्यानं स्वतः रान मोजलं, पंधरा फूट कमी भरतंय म्हणून अर्ज केला. कासऱ्याला कोण विचारतो? मी शेरा मारला, ‘मोजणी बरोबर आहे.’

तर आम्ही धावपट्टी मोजली. मी मागं, इमाम पुढं. मोहिले साहेब आमच्याबरोबर शेवटपर्यंत चालत आले, पाठीमागं हात बांधून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत. कालव्याच्या दगडी काठापर्यंत एकाहत्तर साखळ्या चार आणे भरले. मी वहीत गुणाकार केला आणि म्हणालो, “दोन हजार तीनशे एक्कावन्न फूट.”

“सव्वीस फूट शिल्लक,” मोहिले साहेब म्हणाले. ते हसले मात्र नाहीत. “बरं वाटलं. एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा ना.”

त्यांनी भोईटेंना हाक मारली. भोईटे विमानाच्या चाकापाशी उकिडवे बसून हवा तपासत होते. त्यांच्या हातातलं हवेचा दाब मोजायचं घड्याळ मोहिले साहेबांनी घेतलं आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी मला दाखवली. चिठ्ठीवर तारीख होती, खाली सही.

“आमच्यात मापाचं यंत्र आधी मापतात, मग त्यानं दुसरं मापतात. तुमची ही साखळी शेवटची कधी तपासली?”

आमच्या कचेरीच्या ओट्यावर दोन दगड बसवलेत, बरोबर तेहतीस फुटांच्या अंतरावर. बाहेर पडण्याआधी रोज साखळी त्या दगडांवर ताणून बघायची, असा नियम आहे.

“रोज सकाळी,” मी म्हणालो. “ओट्यावरच्या दगडांवर. सोळा आणे बरोबर.”

इमामनं साखळी गोळा करता करता माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

मी दाखल्यावर सही केली. भोईटेंनी चुलीवर चहा ठेवला होता, तो आम्ही पितळीत ओतून घेतला. भोईटे बोलके होते. म्हणाले, “साहेब, आता घरी सांगता येईल. थोरली लेक हट्ट धरून बसलीय, बाबा तुम्ही विमानात बसायचं नाही, दुरुस्त केलंत तेवढं पुरे. तिला म्हटलं, अगं, साहेबांच्या शेजारी कुणीतरी लागतंच की. आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय आम्ही काय हलतोय?”

“केव्हा निघताय?”

“परवा, शुक्रवारी सकाळी सातला,” मोहिले साहेब म्हणाले. “थंडीत हवा दाट असते, पंखांना धरायला काहीतरी मिळतं. ऊन चढलं की हवा पातळ होते आणि याला आणखी जागा लागते. सातनंतर हे माझं गणित लागू नाही.”

“आणि जागा थोडी कमी पडली तर काय होतं? समजा हो, दहा-वीस फूट?”

त्यांनी चहा संपवला आणि कालव्याकडं बोट केलं. “तो काठ दगडी आहे. चाकं त्याला लागतील. टाकीत पेट्रोल असतं, तोडकरी.”

गुरुवारी मी कचेरीत बसून होतो. समोर जमिनीच्या फाळणीची दोन प्रकरणं होती, पण अक्षर लागत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी टेबलाचा खालचा खण उघडला. जुन्या पावतीपुस्तकांच्या मागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लोखंडी कडी होती. ती काढून मी टेबलावर ठेवली. वीतभर लांब, म्हणजे पाऊण फूट.

इथवर मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी स्वतःलाही ते कधी धड सांगितलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी करजमाळच्याच एका बाभळीच्या बनात साखळी अडकून तुटली. नवी मागवायची तर अर्ज, खुलासा, तीन महिने वाट. मी गावच्या लोहाराकडं दिली. त्यानं मोडलेली कडी काढून टाकली आणि दोन टोकं जोडून दिली. मी पितळेच्या खुणा मोजल्या. सोळाच्या सोळा होत्या. कड्या मोजल्या नाहीत, ओट्यावर ताणूनही बघितली नाही. “सोळा आणे बरोबर,” म्हणून लोहाराची पाठ थोपटली आणि कामाला लागलो. ती चूक होती. चूक माणसाच्या हातून होते.

पुढचं मात्र चूक नव्हे. दोन वर्षांनी ती शिवेची मोजणी झाली, आणि अर्ज फेटाळल्यावर गौराबाई कचेरीत आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि ही कडी माझ्या टेबलावर ठेवली. “लोहाराच्या भात्यापाशी पडली व्हती. तुज्या साखळीची हाय का बघ,” म्हणाली. मी बघितलं आणि त्याच क्षणी ओळखलं. सातव्या आण्यापुढचा तुकडा इतरांपेक्षा आखूड दिसतो, हे तोवर माझ्या हातांना ठाऊक झालंच होतं. मी तिला म्हणालो, “बाई, असले तारेचे तुकडे लोहाराकडं ढिगानं असतात.” ती गेली. मी कडी कागदात गुंडाळून खणात टाकली. फेकून द्यायचं धाडस मात्र झालं नाही.

त्यानंतर पाच वर्षं मी त्याच साखळीनं मोजत राहिलो. कबूल केलं तर चौकशी, एकतीस गावांच्या मोजण्या पुन्हा, नोकरीवर गदा. घरी तीन मुलं. मग मी एक युक्तिवाद तयार केला आणि त्याच्यावर पाच वर्षं झोपलो. युक्तिवाद असा, की सगळ्यांचंच सारखं कमी झालं म्हणजे कुणाचंच कमी होत नाही. एकाचं गेलं ते शेजाऱ्याला मिळालं, शेजाऱ्याचं त्याच्या शेजाऱ्याला. जमीन जागच्या जागी आहे, कुणी डोक्यावर घेऊन पळालं नाही. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो.

पण विमान माझ्या साखळीतलं नव्हतं. त्याला खरे फूट लागत होते. मी कागदावर आकडेमोड केली. एकाहत्तर साखळ्या, दर साखळीमागं वीतभर कमी. त्रेपन्न फूट. धावपट्टी दोन हजार तीनशे एक्कावन्न नव्हती. ती दोन हजार दोनशे अठ्ठ्याण्णव होती. सत्तावीस फूट कमी.

इमाम दारात उभा होता. त्यानं टेबलावरची कडी बघितली.

“तुला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“साखळीचं दुसरं टोक माझ्याच हातात असतंय, साहेब.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलला न्हाई. मी कशाला बोलू?” तो म्हणाला. मग म्हणाला, “त्या मिस्त्रीला लेकी हायत.”

तरी मी त्या दुपारी गेलो नाही. हे लपवून उपयोग नाही. घरी गेलो, भाकरी पुढ्यात घेऊन बसलो, उठलो. बायकोनं विचारलं, बरं नाही का, तर म्हणालो पित्त झालंय. कदाचित साहेबांचं गणित जास्तीचं धरून केलेलं असेल, कदाचित वारा साथ देईल, असं म्हणत सगळा गुरुवार घालवला. पहाटे पाचला मात्र उठलो, कडी खिशात घातली आणि मोटरसायकल काढली. करजमाळ चौदा मैल. वाटेत दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा परत फिरायचं म्हणूनच थांबवली होती.

पोचलो तेव्हा दोन्ही पंखे फिरत होते. विमान शेपटी बांधाला लावून कालव्याकडं तोंड करून उभं, आणि गावातली बरीच माणसं लांब उभी राहून बघत होती. मी सरळ विमानाकडं धावलो. भोईटे हात हलवत आडवे आले, पंख्यापासून मला मागं ढकललं.

“मरायचंय का तोडकरी?”

“बंद करायला सांगा. साखळी आखूड आहे.”

आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. मी कडी काढून त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि त्यांच्या कानाशी ओरडून तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी कडीकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. मग वर काचेकडं बघून गळ्यावरून हात फिरवला. एक पंखा थांबला, मग दुसरा.

मोहिले साहेब खाली उतरले. मी सगळं सांगितलं. चूक सांगितली, आणि चूक नव्हती तेही सांगितलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“किती कमी?” त्यांनी विचारलं.

“त्रेपन्न. म्हणजे तुमच्या गणिताला सत्तावीस.”

त्यांनी कालव्याकडं बघितलं. मग म्हणाले, “परवा तुमच्या मागून चालताना मी पावलं मोजत होतो. माझ्या पावलांनी तेवीसशेच भरले. मला वाटलं, म्हातारा झालो, पाऊल चुकायला लागलं. तुमची सही होती म्हणून मी माझ्या पायांवर विश्वास ठेवला नाही.”

भोईटे चाकाला टेकून खाली बसले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

तालुक्याला जाऊन मी शंभर फुटी पोलादी फीत विकत आणली. आम्ही तिघांनी धावपट्टी पुन्हा मोजली. दोन हजार दोनशे अठ्ठ्याण्णव. पूर्वेला कालवा, तिथं काही होण्यासारखं नव्हतं. पश्चिमेला बांध, आणि बांधापलीकडं गौराबाईची ज्वारी.

“विमान चाळीस फूट मागं घेता आलं तर होईल,” मोहिले साहेब म्हणाले. “बांध सपाट करावा लागेल, आणि पंखांच्या रुंदीइतकं पीक काढावं लागेल. चारेक गुंठे. त्या बाई देतील?”

“मी विचारतो,” मी म्हणालो.

गौराबाई बांधावरच बसली होती. सकाळपासून तिनं सगळं बघितलं होतं. तिच्या मागं गावातले दहा-पंधरा जण जमा झाले, त्यात ढगेही होता. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

“म्हण,” ती म्हणाली.

“साखळी आखूड होती, काकू.”

“मोठ्यानं म्हण. ह्यांना ऐकू जाऊ दे.”

“साखळी आखूड होती. तुम्ही कडी आणून दिलीत तेव्हा मी ओळखली होती. तुमचे पंधरा फूट माझ्यामुळं गेले.”

“किती आखूड?”

“वीतभर.”

म्हातारीनं आपला हात पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि त्या हाताकडंच बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. “एवढं,” ती म्हणाली. “एवढ्यापायी मी पाच वरीस तारंच्या अलीकडनं माझ्या माणसाला बोलतीया.”

मग तिनं मोहिले साहेबांकडं मान वळवली. “तुमास्नी किती पायजे?”

“चाळीस फूट, बाई. आणि पीक जाईल. त्याची भरपाई...”

“भरपाई ऱ्हाऊ द्या. कुणी तरी खरं मोजून मागितलं, लई झालं.” ती उठली, माळ्याला अडकवलेला विळा घेतला आणि सगळ्यांच्या आधी स्वतः ज्वारीत शिरली. पाठोपाठ बायका शिरल्या. हुरड्याला आलेलं ते पीक तासाभरात आडवं झालं. गडी माणसांनी बांध फोडला, ट्रॅक्टरनं विमानाची शेपटी ओढून रानात आणली. तोवर ऊन चढलं होतं, म्हणून उड्डाण शनिवारवर गेलं.

त्या दुपारी मी तालुक्याला परत आलो आणि वरिष्ठांना तीन पानी जबाब लिहून दिला. कडी आणि साखळी त्याच्यासोबत जमा केली.

शनिवारी सकाळी सातला मी कालव्याच्या काठाशी, जरा बाजूला उभा होतो. मोहिले साहेबांनी तिथं कुणी थांबायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण माझी जागा तीच आहे असं मला वाटलं. जे व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत व्हावं.

पंखे घुमले, विमान हललं. आधी फारच हळू वाटलं. मग शेपटी उचलली गेली. ते माझ्याकडं येत होतं आणि चाकं जमिनीवरच होती. मी पुटपुटत होतो, उठ, उठ रे बाबा. काचेआड मोहिले साहेब सरळ समोर बघत होते, त्यांच्या शेजारी भोईटेंचा हात वर कशाला तरी धरून होता. मग चाकांचा आवाज थांबला. विमान माझ्या डोक्यावरून गेलं, कालव्यावरून गेलं आणि ज्वारीच्या रानांवरून लांब वळण घेत उत्तरेला निघालं. माणसं टाळ्या वाजवत होती. मी मातीत बसलो.

नंतर इमामनं आणि मी फीत लावून चाकांच्या खुणा मोजल्या. शेवटची खूण कालव्याच्या काठापासून बारा फुटांवर होती. म्हातारीनं दिलेल्या चाळिसांतले बारा उरले होते. इमामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

सोमवारी मी निलंबित झालो. एकतीस गावांच्या मोजण्या नव्यानं लागल्या. लोकांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं. गौराबाईच्या शिवेचा हुकूम वरून यायचा होता. मी दर महिन्याला जाऊन विचारायचो, कारकून म्हणायचा, फाईल फिरतेय. चैत्रापर्यंत फिरली, पुढच्या चैत्रापर्यंत फिरली.

त्या दुसऱ्या चैत्रात इमाम सायकलवरून घरी आला. “साहेब, म्हातारी गेली. मयत ढगेच्या तारेपाशी थांबवलंय. तो म्हणतोय, हुकूम दाखवा.”

मी फीत घेऊन निघालो. गौराबाईला त्यांच्या रिवाजाप्रमाणं बसवून, कपाळी भस्म लावून, फुलांनी सजवून आणलं होतं. विधी करणारा जंगम शेजारी उभा होता. तारेला हात लावून ढगे उभा होता, आणि तो काही राक्षस नव्हता; त्याच्या हातात माझ्याच सहीचा नकाशा होता.

“तोडकरी, हुकूम आलाय का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग तुमचा अधिकार काय?”

“काहीच नाही. मी निलंबित आहे. पण हा नकाशा माझा आहे आणि तो खोटा आहे. तुमच्या हातानं मोजा.”

धावपट्टीच्या दगडापासून आम्ही निघालो. मी मागं, फितीचं पुढचं टोक ढगेच्या हातात. शंभर, दोनशे, तीनशे. सगळं गाव बरोबर चालत होतं. सहाशे पंचेचाळिसावर तार आली. ढगे थांबला. त्यानं मागं वळून बसवलेल्या म्हातारीकडं बघितलं. मग वाकून फितीचं टोक तारेखालून पलीकडं घातलं, स्वतः वळसा घेऊन पलीकडं गेला आणि ते उचलून पुढं चालू लागला. नवऱ्याची समाधी ओलांडून, चार धोंड्यांची ती राखलेली जागा ओलांडून म्हातारीच्या जुन्या वहिवाटीच्या शिवेवर फीत ताठ झाली.

“किती भरलं?” पलीकडून त्यानं विचारलं.

मी आकडा दोनदा वाचला, इमामला वाचायला लावला.

“सहाशे साठ,” मी म्हणालो. “वीस साखळ्या. सोळा आणे.”

ढगेनं फीत खाली ठेवली आणि खांबावरची तार सोडवायला लागला.